डॉक्टरांच्या संघटना आणि सेवाभावी संस्था एकत्र आल्याने बायकांच्या आरोग्यात खरंच फरक पडतो का?

पडतो, पण काम प्रसूतिगृहाच्या खोलीपर्यंत पोचलं तरच. ‘मान्यता’ उपक्रम बघा. स्त्रीरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना फॉग्सी आणि जपायगोसारख्या आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या सेवाभावी संस्था मिळून खासगी प्रसूतिगृहांना 16 निकषांवर तपासतात. महाराष्ट्रात प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्याच्या सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रमाशी जोडून त्याचं ‘लक्ष्य-मान्यता’ झालं.

निकष म्हणजे नुसते कागद नव्हेत. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे आपल्याकडे मातामृत्यूचं मोठं कारण आहे, म्हणून त्या एका मिनिटाला इतकी किंमत. इंजेक्शन भरून तयार ठेवायची सवय नर्सताईंच्या हाताला लागावी लागते, आणि ती सरावानेच लागते.

इथेच दोघांची गरज कळते. संघटनेचा शब्द डॉक्टर मानतात. पण छोट्या गावातल्या दहा खाटांच्या दवाखान्यात बसून नर्सताईंकडून तेच पुन्हा पुन्हा करून घ्यायला संस्थेची माणसं लागतात. माझ्या मते हे दुसरं काम जास्त अवघड आहे, आणि त्याचं कौतुक फार कमी होतं.

बाळंतपणासाठी खासगी दवाखाना निवडताना ‘मान्यता’चं प्रमाणपत्र आहे का, हे जरूर विचारा.