‘शाळेनंच कडक नियम करावेत’ असं वाटतं तेव्हा

“मॅडम, शाळेनं एकदा कडक नियम लावला ना, की घरातली रोजची कटकट तरी मिटेल.” वयात येणाऱ्या मुलामुलींचे आईवडील समुपदेशनाला आले की हे वाक्य या ना त्या रूपात येतंच. कुणी शाळेच्या जागी सरकार म्हणतं. कुणाची तक्रार तोकड्या कपड्यांची असते, कुणाची फाटक्या जीन्सची, कुणाची मुलानं वाढवलेल्या केसांची. नेमकं उलट टोक गाठून येणारेही असतात: आमच्या मुलीला दारात अडवलं, शाळेला हा अधिकार दिला कुणी? दोन्ही टोकं एकाच घरात भेटली ती ही गोष्ट. अनेक कुटुंबांच्या बैठकींमधून ती गुंफली आहे, ओळख पटेल असं तिच्यात काही ठेवलेलं नाही.

मुलगी 13 वर्षांची. शाळेचा नियम असा की स्कर्ट गुडघ्याच्या खाली हवा. शैक्षणिक वर्ष संपत आलं असताना एका सकाळी तिला दारात बाजूला काढलं, शिक्षिकेनं गुडघ्याला पट्टी लावून माप घेतलं आणि तिला बाहेर उभं केलं. मागे मुलांची रांग होती. पहिला तास बुडाला. त्याच आठवड्यात तिनं अंगावर हूडी चढवली, ती उकाड्यातही उतरेना. मग शाळेचं पत्र आलं: वर्गात हूडी चालणार नाही. वडिलांच्या मते शाळा बरोबर होती. आईला आधी शाळेची माफी हवी होती. मुलगी काहीच बोलत नव्हती.

आईनं तो स्कर्टच पिशवीत घालून आणला होता. खालची दुमड पूर्ण उसवून सोडलेली, जुन्या घडीची गडद रेष काठाच्या चार बोटं वर, कमरेचा हूक दोनदा सरकवलेला. वर्षाच्या सुरुवातीला हाच स्कर्ट गुडघ्याखाली येत होता. वाढीच्या ऐन भरात मुलींची उंची वर्षाला सात-आठ सेंटिमीटरनं वाढते. त्यातच नितंबांचा घेर भरतो आणि त्या घेरावर कापड ताणलं की काठ आणखी वर चढतो. गुडघ्यापासून मोजणारा नियम अशा मुलीकडून आपोआप मोडला जातो, तिला काही करावंही लागत नाही. शेजारच्या बाकावरची मुलगी अजून वाढायला लागलेली नसेल तर तिचा त्याच मापाचा स्कर्ट नियमात बसतो. वडील बराच वेळ ती दुमड बोटांनी चाचपत राहिले. “हिनं मुद्दाम आखूड करून घेतलाय असं मला वाटलं होतं.”

मुलीशी एकटीशी बोलणं हे अशा प्रकरणात पहिलं काम. ऐन उकाड्यात लांब बाह्या अंगावरून उतरत नसतील तर त्याची कारणं निरनिराळी असतात आणि त्यातली काही गंभीर असतात. स्वतःला इजा केल्याच्या खुणा, झपाट्यानं घटलेलं वजन, त्वचेचा विकार, पाळीच्या दिवसांत डाग दिसेल ही धास्ती, काही मुलांना तर शिवणी किंवा कापडाचा स्पर्शच सहन होत नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी इथे हमखास करायची चूक म्हणजे “बाह्या वर कर, बघू” असं फर्मावणं. खुणा असल्याच तर त्या मुलाला अधिक सफाईनं लपवायला शिकवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. आईवडील समोर नसताना शांतपणे, सरळ शब्दांत विचारावं: कधी स्वतःला दुखवावंसं वाटलं का, दुखवलं का? विचारल्यानं ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर कपड्यांचा विषय तिथेच थांबतो आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट लवकरात लवकर ठरते.

इथे तसं काही नव्हतं. तिचं उत्तर दुसऱ्या भेटीत आलं, मान खाली घालून, पण खणखणीत.

“आधी म्हणाले, जास्त दिसतंय. आता म्हणतात, काहीच दिसत नाहीये. त्यांना नक्की किती दिसायला हवंय?”

शाळांच्या नियमावल्यांवर इतकी नेमकी टीका मोठ्यांकडूनही क्वचित ऐकायला मिळते. कुणी पट्टी लावेपर्यंत या मुलीला आपले पाय हे फक्त पाय वाटत होते.

वडिलांचा हेका मात्र कायम होता. “हे सगळं ठीक, पण सरकारनं एकदा कायदाच करून टाकावा. शाळेनं काय करायचं, पालकांनी काय करायचं, सगळं स्पष्ट.”

यावर वाद घालण्यापेक्षा दाखले पुढे ठेवावेत. दक्षिण कोरियात 1973 साली किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पोलीस रस्त्यावर पट्टी घेऊन मिनीस्कर्ट मोजू लागले. मिनीस्कर्ट तिथून गेला नाही. अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट शहरानं 2007 साली कमरेखाली घसरणाऱ्या पँटवर बंदी घातली आणि 2019 साली ती मागे घेतली, कारण पकडले गेलेले बहुतांश कृष्णवर्णीय पुरुष होते. कायदा सर्वांसाठी असला तरी पट्टी कुणाला लावायची हे ती हातात असलेला माणूस ठरवतो. आणि न्यायालयांत तरी एकमत कुठे आहे? भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर 2022 मध्ये वर्गातल्या हिजाबाच्या प्रश्नावर दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं 2007 साली एका विद्यार्थिनीच्या नाकातल्या चमकीला परवानगी नाकारणं हा अन्याय्य भेदभाव ठरवला.

वडिलांना सर्वांत पटला तो जपानमधला खटला. ओसाकातल्या एका सरकारी शाळेनं एका विद्यार्थिनीला केस पुन्हा पुन्हा काळे रंगवायला लावले. तिचं म्हणणं, माझे केस जन्मतःच तपकिरी आहेत. ती शाळेत यायची थांबली, तेव्हा वर्गातलं तिचं बाक हलवलं आणि यादीतून नावही काढलं. 2021 साली न्यायालयानं केसांविषयीचा नियम वैध ठरवला, पण बाक आणि नाव काढल्याबद्दल 3 लाख 30 हजार येनची भरपाई द्यायला लावली. नियम असणं आणि तो राबवताना मुलाला कसं वागवलं, या दोन गोष्टी न्यायालयानं वेगळ्या काढल्या. आपल्या घरातला गुंताही तिथेच सुटतो: वडील पहिल्या गोष्टीबद्दल बोलत होते, आई दुसऱ्या.

कोंडी फुटली ती तिघं एकत्र बसले तेव्हा.

“समजा, तुम्हाला हवा तस्सा नियम आजपासून लागू झाला,” मी वडिलांना म्हटलं. “आज संध्याकाळी घरात काय वेगळं होईल?”

“मला काही बोलावं लागणार नाही.”

“काय बोलावं लागणार नाही?”

ते गप्प झाले. अशा वेळी समुपदेशकानं मदतीला धावू नये. नवशिके धावतात, आणि बाहेर येऊ पाहणारं वाक्य आत परततं. आईनं तोंड उघडलं तसं मी हातानंच थांबवलं.

“ती माझ्याबरोबर चालत असते,” ते म्हणाले. “माणसं बघतात. माझ्या वयाची माणसं. ते मला दिसतं आणि काय करावं ते कळत नाही. मग घरी येऊन मी हिच्यावरच चिडतो.”

मुलीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते.”

“लाज नाही गं. भीती वाटते.”

“मग तसं सांगायचं ना.”

कपड्यांवरून होणाऱ्या भांडणांत हे इतक्या वेळा दिसतं की आता त्याबद्दल शंका उरलेली नाही. पालकाच्या मनातली भीती नियमाच्या भाषेत बाहेर पडते आणि मुलाच्या कानात ती लाज म्हणून शिरते. नियम शाळेनं केला तर पालकाला बोलायची गरज उरत नाही, पण मुलापर्यंत पोहोचते ती लाजच, आणि वर संस्थेचा शिक्का बसलेली.

भीतीला उत्तर मात्र भीतीचंच हवं, कपड्याचं नको. कुणी पाठलाग केला, शेरा मारला, अंगाला हात लावला तर काय करायचं, याची उजळणी घरात व्हायला हवी: मोठ्यानं ओरडायचं, वर्दळीच्या ठिकाणी जायचं, कुणाला फोन करायचा त्यांची नावं आधी ठरलेली असायची. आणि घरी सांगितल्यावर ‘तू काय घातलं होतंस?’ हा प्रश्न कधीही यायचा नाही. तो एकदा जरी आला तरी पुढची घटना मूल तुम्हाला सांगणार नाही. या वडिलांनी हे वचन मुलीला मोठ्यानं दिलं. अवघडत दिलं, पण दिलं.

मग शाळेनं नियम करूच नयेत का? करावेत, थोडे करावेत आणि कामापुरते करावेत. यासाठी एक चाचणी पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही नेहमी सुचवते. नियम कागदावर लिहा आणि त्यातला शरीराचा आणि बघणाऱ्यांचा उल्लेख खोडा. उरलेल्या वाक्याला अर्थ असेल तर नियम ठेवा. ‘प्रयोगशाळेत सैल लोंबत्या बाह्या, स्कार्फ, मोकळे केस नकोत, पुढून बंद बूट हवेत’ यातून खोडायला काही सापडत नाही. बर्नरवर बाही पेटते, सांडलेलं आम्ल उघड्या पावलावर पडतं, नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. खेळाच्या तासाला अंगठ्या आणि लोंबती कानातली काढायची, हेही तसंच. ‘मुलांचं लक्ष विचलित होईल असे खांदे उघडे नकोत’ हे वाक्य घ्या. खोडून झाल्यावर हातात काय राहतं?

मजकुरावर बंदी, म्हणजे शर्टावर शिवी, धमकी, कुणाच्या जातीधर्माचा अपमान नको, हा नियमही चाचणीत उतरतो. पण नुसतं मत मोठ्यांना आवडलं नाही म्हणून बंदी घालता येत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी दंडावर बांधलेल्या काळ्या फितींचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1969 साली याच मुद्द्यावर विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाली काढला. शाळेच्या कामात खरोखरचा मोठा अडथळा येत नसेल तर फित राहील.

गणवेशाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा पूर्ण खरा आहे: रोज सकाळी कोण काय घालून आलंय ही चढाओढ त्यानं कमी होते. फक्त तो परवडणारा हवा. शाळेचं बोधचिन्ह असलेले खास कपडे कमीत कमी ठेवावेत, हे इंग्लंडमध्ये 2021 च्या कायद्यानं शाळांवर बंधनकारक मार्गदर्शनात आणलं. ज्या गणवेशात दुमड सोडायला कापड नाही, ज्यात मुलींना पँटचा पर्याय नाही, तो वाढत्या वयाचा विचार न करता ठरवलेला आहे, असं खुशाल समजावं.

घरातल्या वाटाघाटीसाठी मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांचं संशोधन फार कामाचं आहे. त्यांना आढळलं की एकाच कपड्याकडे आईवडील रीतीचा प्रश्न म्हणून पाहतात आणि मूल ‘हे माझं खासगी’ म्हणून. दोघं वेगवेगळ्या खटल्यांत भांडत असतात, म्हणून निकाल लागत नाही. या घरात आम्ही आठवडाभराचे आक्षेप शब्दशः लिहून काढले आणि त्यांची वाटणी केली. रंग, घेर, केसांची ठेवण, हूडी, फाटकी जीन्स हे तिचं. लग्नसमारंभ, आजारी माणसाला भेटायला जाणं, प्रार्थनास्थळ हे दोघांचं मिळून, आणि तेही आदल्या दिवशी बोलायचं, दारात चपला घालताना नाही. हवामान, सुरक्षितता आणि ठरलेला खर्च यात शेवटचा शब्द पालकांचा. आईला वाटत होतं की तिच्या वाट्याला काहीच उरणार नाही. प्रत्यक्षात आक्षेपांतले बहुतेक पहिल्याच गटात गेले आणि ते सोडून देताना तिला सुटल्यासारखंच वाटलं.

शाळेला पत्र लिहिताना भाषा कोरडी ठेवावी. कोणता नियम, कोणत्या दिवशी, कुठे, कुणासमोर काय झालं. मग मागण्या: अंगाला किंवा कपड्याला हात लावून माप घेऊ नये, बोलायचं ते एकांतात बोलावं, कपड्यांवरून तास बुडू नये, फार तर पालकांना चिठ्ठी द्यावी, आणि कार्यालयात दोन-तीन मापांचे जादा स्कर्ट-पँट ठेवाव्यात. माफीची मागणी पहिल्या पत्रात नको, तिनं संस्था बचावात जाते आणि बाकीच्या चार गोष्टीही अडकतात. आईला हे पटायला दोन बैठका लागल्या. तिचा राग रास्त होता आणि मी तसं तिला सांगितलंही. उत्तराची तारीख मात्र पत्रात लिहावी, आणि त्या तारखेला उत्तर आलं नाही तर तेच पत्र व्यवस्थापनाकडे, मग शिक्षण खात्याकडे जाईल, हेही सौम्य शब्दांत लिहावं.

शाळेनं दारातली पट्टी बंद केली, जादा कपडे ठेवले. माफीबद्दल अजून काही लिहून आलेलं नाही. हूडी सुटली का, हे वडील दर भेटीत विचारतात. खेळाच्या तासाला कपडे बदलायला आडोसा नाही आणि पाळीच्या दिवसांत ती कमरेला बांधावी लागते, एवढं मुलीनं आता स्वतःहून सांगितलं आहे. दुसरं पत्र त्या दोनच गोष्टींबद्दल गेलं: कपडे बदलायला कडी असलेली खोली, आणि तोवर हूडीला सूट. मसुदा तिनंच लिहिला, वडिलांनी फक्त सही केली.