ऑर्किडसाठी स्फॅग्नम मॉसऐवजी पर्यावरणाला जड न जाणारं दुसरं काय वापरता येईल?

नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा. माझी बहुतेक फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम जातींची ऑर्किडं याच जोडीवर आहेत. तुकडे साधारण 2 सेंटिमीटरचे घ्या. कोकोपीट मात्र नको. तो सोडणाचा भुगा भिजला की घट्ट बसतो आणि मुळं गुदमरतात. रानात ही मुळं फांदीला बिलगून उघड्यावर वाढतात. त्यांच्यावरचा स्पंजासारखा थर (व्हेलामेन) पाणी पिऊन हिरवा होतो, सुकला की परत चंदेरी. हे भिजणं-सुकणं ज्यात नीट होतं ते माध्यम चांगलं, मग ते कशाचं का असेना.

सोडण धुण्यात मात्र कुचराई करू नका. पहिल्या खेपेला मी ते नुसतं नळाखाली धरलं आणि कुंडीत भरलं. दोन महिन्यांत मुळांची कोवळी टोकं काळी पडली. सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. मोकळे क्षार पाण्याने निघून जातात, पण धाग्यांना धरून बसलेलं सोडियम कॅल्शियमने ढकलल्याशिवाय हलत नाही. म्हणून आता तुकडे दिवसभर भिजवतो, काढ्यासारखं तांबडं पाणी ओतून देतो, असं तीनदा. मग एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ द्रावणात, आणि शेवटी पुन्हा स्वच्छ पाण्यात. कटकट आहे खरी, पण मुळं गेल्यावरची कटकट याहून मोठी.

कोळसा लाकडाचाच हवा. शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यात चिकटवण्यासाठी काय काय घातलेलं असतं. कोळशावर खताचे क्षार साचतात, तेव्हा महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधं पाणी जाऊ द्या.

विटांचे किंवा फुटक्या कुंड्यांचे तुकडे तर कुजतच नाहीत. उकळून पुन्हा वापरा. उंच वाढून कलंडणाऱ्या डेंड्रोबियमला त्यांचं वजनही कामी येतं. पाणी धरतात कमी, त्यामुळे पॅफिओपेडिलमसारख्या ओल आवडणाऱ्या जातींना फक्त विटांवर ठेवू नका, सोडण जास्त घाला.

वृक्षनेच्याच्या (ट्री फर्न) खोडाचा चुरा कुणी सुचवला तर टाळा. तो खोड तोडूनच मिळतो, आणि सायथियासारख्या नेच्यांच्या व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचं नियंत्रण आहे.

आणि तुमच्याकडे वांडा जातीचं ऑर्किड असेल तर प्रश्नच मिटला. रिकाम्या जाळीच्या टोपलीत टांगा, मुळं लोंबू द्या, रोज भिजवा. माध्यम शून्य.