तांदळाच्या डब्यातली बाटली

प्रश्न : आमचे हे ‘रोज थोडीशीच घेतो’ म्हणतात. परवा तांदळाच्या डब्यात क्वार्टर सापडली. हे व्यसनच का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, बाटलीपेक्षा तो डबाच जास्त सांगून जातो. लपवावी लागते, म्हणजे ‘थोडीशी’ उरलेली नाही. माझ्या थोरल्या भावाचं आम्हाला फार उशिरा कळलं. सकाळी त्याच्या हातात कपबशी खुळखुळायची. दारूचे दोन घोट पोटात गेले की हात स्थिर. आई म्हणायची अशक्तपणा आहे, आणि डिंकाचे लाडू वळायची! यांचे हात सकाळी थरथरतात का, बघा. थरथरत असतील तर बाटली ओतून एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. आधी डॉक्टर गाठा. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र आहे. हे यायला तयार नसले, तरी तुम्ही एकट्या जाऊन बोला.