मुलगा ‘तसलं’ संगीत ऐकतो

संगीताने, संगतीने किंवा परदेशाच्या हवेने मुलगा समलिंगी होतो का, हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे कुठल्या ना कुठल्या रूपात येतच असतो. कधी निमित्त कानातल्या डुलाचं, कधी रंगवलेल्या केसांचं, कधी कथकच्या क्लासचं. सुलभाताई आणि विनायकराव आले ते हाउस म्युझिकमुळे, म्हणजे डिस्कोतून पुढे आलेल्या, क्लबांत डीजे वाजवतात त्या नाचाच्या संगीतामुळे. (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला मुलासकट तिघांचीही संमती आहे.)

दोघं सांगलीचे. विनायकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सुलभाताई शाळेत गणित शिकवायच्या. एकुलता एक मुलगा एमएस करून शिकागोत नोकरीला लागलेला. तिथे त्याने हौसेने डीजेइंग शिकायला घेतलं आणि जॅक्सन पार्कात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या हाउस संगीताच्या मेळ्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकले. ते पाहून न्यू जर्सीतल्या एका नातेवाइकाने सुलभाताईंना खासगीत कळवलं, “वहिनी, हे मूळचं गे लोकांचं संगीत आहे. जरा लक्ष ठेवा.”

झालं. पहिल्या ऑनलाइन सत्रात सुलभाताईंनी पुरावे क्रमाने मांडले. मुलगा 28 वर्षांचा. लग्नाचा विषय काढला की फोन ठेवतो. लहानपणापासून नाचाची आवड. आणि आता हे. “मॅडम, तो माणूस काहीतरी खोटंनाटं सांगतोय, एवढंच तुम्ही म्हणा.”

तसं म्हणणं शक्य नव्हतं, कारण त्या नातेवाइकाची माहिती खरी होती. पालकांना धीर द्यायचा म्हणून इतिहास झाकायचा, हे मला पटत नाही. मुलगा चार गोष्टी वाचलेला असतो, त्याला ते लगेच कळतं. मग आईवडिलांच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून त्या दिवशी आम्ही मुलाला बाजूला ठेवलं आणि न्यूयॉर्कपासून सुरुवात केली.

1960च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये दोन पुरुष एकमेकांबरोबर नाचले तर पोलीस त्यांना पकडून नेऊ शकत. समलिंगी गिऱ्हाइकं येतात एवढ्यावरून बारचा परवाना जाऊ शके. स्टोनवॉल इन या बारमध्ये नाचता यायचं, पण पोलीस आले की पांढरे दिवे लागायचे, आणि दिवे लागले की जोड्यांनी झटकन वेगळं व्हायचं असा शिरस्ता होता. 28 जून 1969च्या पहाटे धाड पडली तेव्हा लोक निमूट पांगले नाहीत, रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी 14 फेब्रुवारीला डेव्हिड मँकुसो नावाच्या तरुणाने ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या घरात नाचाची पार्टी ठेवली. दारू विकायची नाही, आमंत्रितांनाच प्रवेश, त्यामुळे बारच्या परवान्याचा प्रश्नच नाही. त्या घरात काळे, लॅटिनो, गोरे, समलिंगी, भिन्नलिंगी सगळे रात्रभर नाचले. ‘द लॉफ्ट’ नावाने गाजलेल्या त्या पार्ट्यांतून आणि तसल्याच आणखी काही क्लबांतून डिस्कोची संस्कृती उभी राहिली. इथे सुलभाताईंनी मला थांबवलं. “म्हणजे त्यांना दुसरीकडे कुठे नाचू देत नव्हते, म्हणून?” हो, तेच मुख्य कारण. ज्यांना उघड भेटायची सोय नव्हती, त्यांनी अंधारात जागा केली आणि तिथे वाजवायला संगीत घडवलं.

त्या मंडळीतलाच फ्रँकी नकल्स 1977मध्ये शिकागोला आला आणि ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात रेकॉर्ड वाजवू लागला. तिथे येणारे बहुतेक काळे समलिंगी तरुण होते. हाउस हे नाव त्या वेअरहाउसवरूनच पडलं, असं सर्वसाधारण मानलं जातं.

विनायकराव तोवर गप्प होते. इंजिनिअर माणूस, त्यांना पुढचा प्रसंग मात्र भिडला. 12 जुलै 1979ला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात, 98 सेंट आणि एक डिस्को रेकॉर्ड आणली की प्रवेश, अशी योजना होती. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्या रेकॉर्डची पेटी सुरुंग लावून उडवली. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना खेळवताच आला नाही. आपला रोख कुणा समाजावर नव्हता, असं डाल सांगत आला आहे. बरेच अभ्यासक मात्र त्या रागात काळ्या आणि समलिंगी लोकांबद्दलचा राग मिसळलेला पाहतात, आणि मलाही ते बरोबर वाटतं. त्या दिवशी विन्स लॉरेन्स हा काळा तरुण तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर होता. लोकांनी फोडायला आणलेल्या कितीतरी रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या कलाकारांच्या होत्या, असं त्याने पुढे सांगितलं. हाच लॉरेन्स 1984मध्ये, पहिल्या हाउस रेकॉर्डांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रेकॉर्डच्या निर्मितीत सामील होता.

“आणि एड्स?” हे सुलभाताईंनी अगदी हळू विचारलं. तोही इतिहासाचा भाग आहेच. 1980च्या दशकात त्या नाचघरांतली कितीतरी माणसं एड्सने गेली. सिल्व्हेस्टर हा डिस्कोचा मोठा गायक 1988मध्ये गेला आणि त्याने आपल्या गाण्यांचं मानधन एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे केलं होतं. नाचघरांनी मदतनिधीही गोळा केला, तोही सरकार पुरेसं जागं होण्याआधी. संगीत ऐकून किंवा शेजारी नाचून एचआयव्ही होत नाही, हे शाळेत शिकवलेल्या बाईंना ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी सांगितलं.

आता मूळ प्रश्न. समलिंगी माणसांनी एक संगीत घडवलं म्हणून ते ऐकणारा समलिंगी होत नाही. जानेवारी 1987मध्ये शिकागोचं एक हाउस गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं, ते घेणारे सगळे काही समलिंगी नव्हते. (नाचाचं सगळंच संगीत त्यांचं, असंही नाही. डेट्रॉइटचा टेक्नो आणि गोव्याचा ट्रान्स यांच्या जन्मकथा वेगळ्या आहेत.) आपल्याकडे 1980मध्ये ‘कुर्बानी’तून नाझिया हसनचा आवाज घराघरांत गेला, तोही डिस्कोच. हे ऐकल्यावर विनायकराव पहिल्यांदा हसले. “गॅदरिंगला त्या गाण्यावर मी चकचकीत शर्ट घालून नाचलोय. मग माझं कसं काही झालं नाही?”

त्यांच्या हसण्यात मी सामील झाले, पण तिथे थांबले नाही. “घाबरू नका, तो तसा नाही” असं मी कुठल्याच आईवडिलांना सांगत नाही. एकतर मला ते माहीत नसतं. शिवाय त्या वाक्याचा दुसरा अर्थ असा निघतो की तो तसा असता तर घाबरायलाच हवं होतं. उद्या मुलाने सांगितलंच, तर आईच्या कानात माझं हेच वाक्य वाजत राहील. आपल्याकडे नाचणाऱ्या मुलाला ‘नाच्या’ म्हणून हिणवायची जुनी सवय आहे. सुलभाताईंच्या भीतीत शिकागोपेक्षा ती सवय जास्त होती, हे दुसऱ्या सत्रात त्यांनीच ओळखलं. लहानपणी मुलाला स्नेहसंमेलनात नाचू दिलं म्हणून सासूबाईंनी काय काय ऐकवलं होतं, ते त्या बराच वेळ सांगत होत्या.

विनायकरावांचा प्रश्न व्यवहाराचा होता. “समजा असलाच, तर काही उपचार?” उपचार नाही, कारण आजार नाही. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमाची, प्रौढांच्या संमतीने असलेल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी बाजू रद्द केली. ‘बदलून देतो’ म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022मध्ये स्पष्ट केलं आहे. असे पैसे घेणारे अजूनही भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका, हे मी जरा कडक आवाजातच सांगितलं.

क्लबांबद्दल काळजी करण्यासारखं खरंच काही असेल तर ते दारू, अमली पदार्थ, रात्री उशिरा एकट्याने परतणं आणि कानांचं नुकसान. हे प्रश्न कुठल्याही मुलाला विचारावेत. कानांचा मुद्दा विनायकरावांनी लिहून घेतला.

मुलाशी काय बोलायचं, याची आम्ही तयारी केली. ‘तू तसा आहेस का’ हा प्रश्न विचारायचा नाही. तो आरोपासारखा ऐकू येतो, आणि मग मूल एकतर खोटं बोलतं किंवा गप्प होतं. आपण काय ऐकलं, काय वाचलं आणि कशाने घाबरलो, ते सरळ सांगायचं. त्या रविवारी सुलभाताईंनी व्हिडिओ कॉलवर तसंच केलं. मुलगा आधी चिडला, नातेवाइकाला शिव्या दिल्या, मग तासभर फ्रँकी नकल्सबद्दल बोलत राहिला. शिकागोत 2004मध्ये त्याच्या नावाचा रस्ता केला, तो त्याने आईला फोनवर फिरून दाखवला. शेवटी सुलभाताई म्हणाल्या, “तुझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर सांग. नसेल तर नको. आम्ही इथेच आहोत.”

पुढे तो काय म्हणाला, ते मी लिहिणार नाही. वाचक विचारतील, पण ते त्याचं आहे, आणि उत्तर काहीही असलं तरी मी दिलेला सल्ला तोच राहिला असता.

मिरजेच्या एका स्थळाची पत्रिका मात्र अजून त्यांच्या घरी आहे. मुलाला विचारल्याशिवाय हो-नाही कळवायचं नाही, यावर दोघांचं एकमत आहे. मध्यस्थाला तोवर काय सांगायचं, यावर नाही. विनायकरावांना सरळ ‘मुलगा सध्या लग्नाचं बघत नाही’ म्हणायचंय, सुलभाताईंना वेळ मागून घ्यायचीय. पुढच्या सत्राचा विषय तोच आहे.