कॉलेजात पहिल्यांदाच कार्यक्रम घेतोयस, तर ऐक

अरे, तारीख ठरवण्याआधी सोलापूरचं कॅलेंडर बघ. जानेवारीत १२ तारखेला चार हुतात्म्यांचं स्मरण असतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली त्याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. तीच जिजाऊंची आणि विवेकानंदांचीही जयंती. लगेच पाठोपाठ गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा. यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, नंदीध्वज, निघाले की अर्धा वर्ग मिरवणुकीत असतो, तुझ्या व्याख्यानाला कोण येणार? नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, तेव्हा पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू पद्मशाली वस्तीतली पोरं मिळणार नाहीत.

परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी दे, पोच घे आणि एक प्रत गेटवरच्या वॉचमनकाकांकडे ठेव. आमच्या पहिल्या वर्षी स्पीकरवाल्याचा टेम्पो तासभर गेटबाहेर उभा होता. चूक माझीच.

इफ्तार ठेवशील तर भाषणं आधी उरक. सूर्यास्ताला खजूर आणि पाणी हातात हवं. प्रमुख पाहुणे बोलतायत म्हणून रोजेदाराला थांबवायचं नाही. जेवण शाकाहारी ठेवलंस तर सगळे एका पंगतीत बसतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही एवढं पुरतं. जैन मित्रांसाठी लसणाशिवायची चटणी वेगळी काढ, आणि चमचासुद्धा वेगळा.

निवेदन मराठीतच कर, पण स्वागताचं एकेक वाक्य कानडी, तेलुगू आणि उर्दूत त्या-त्या घरच्या पोरांना बोलू दे. तू पाठ करून बोलू नकोस, हसतील.

वर्गणीचा हिशेब दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर टाक.