‘साँगरायटर’ला गीतकार म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: चार्ल्स के. हॅरिस या जुन्या अमेरिकन माणसाची ओळख मूळ इंग्रजी मजकुरात ‘साँगरायटर अँड म्युझिक पब्लिशर’ अशी आहे. मराठीत ‘गीतकार व संगीत प्रकाशक’ म्हटले तर चालेल ना?

माझ्या मते नाही. आपल्याकडे गीतकार म्हणजे शब्द लिहिणारा, एवढेच. गदिमा गीतकार, बाबूजी संगीतकार, ही वाटणी कानात पक्की बसलेली आहे. हॅरिसला नुसते गीतकार म्हटले, तर मराठी वाचक लगेच विचारणार, ‘आणि चाल कोणाची?’ चालही त्याचीच होती.

अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात बँजो वाजवणाऱ्या या पोराने दारावर पाटी लावली होती, तिचा मराठी अर्थ ‘ऑर्डरप्रमाणे गाणी लिहून मिळतील’. गंमत म्हणजे त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो चाल गुणगुणून दाखवी आणि दुसरा जाणकार ती कागदावर उतरवी. तरी तो ‘रायटर’च, कारण इंग्रजीत चालसुद्धा ‘लिहितात’. मराठीत चाल लावतात, बांधतात, नाहीतर सुचते. अडचण ‘साँग’ची नसून ‘राइट’ची आहे.

शब्द आणि चाल दोन्ही एकाच्याच, अशा माणसाला आपल्याकडे जुना शब्द आहे: वाग्गेयकार. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त त्याची व्याख्या केली. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणारा तो कुट्टिकार, असा भेदही सांगितला. (आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल – अमुक अमुक’ असे छापलेले असते, ते आठवा.) पण शार्ङ्गदेवाचा वाग्गेयकार व्याकरण, छंद, अलंकार, रस सगळ्यांत मुरलेला हवा. कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांना शोभणारा हा शब्द पाटी लावून बसलेल्या हॅरिसच्या अंगावर उसन्या शेल्यासारखा दिसेल. मी ‘गाणी रचणारा’ म्हणेन. ‘रचणे’त शब्द आणि सूर दोन्ही मावतात.

आता ‘संगीत प्रकाशक’. आज हे ऐकले की रेकॉर्ड कंपनी डोळ्यांपुढे येते. हॅरिसच्या काळी विकला जाई तो कागद: शब्द आणि स्वरलिपी छापलेली चार-सहा पाने, घरी पियानोवर वाजवून म्हणायला. आधीच्या एका गाण्याबद्दल एका प्रकाशकाने त्याच्या हातावर ८५ सेंट टेकवले, तेव्हा त्याने ठरवले की आपली गाणी आपणच छापायची. १८९२ मध्ये त्याचे ‘आफ्टर द बॉल’ हे गाणे आले. त्याने एका गायकाला पैसे देऊन ते चालू नाटकात घुसडायला लावले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात नामांकित बँडमास्तर सूझाच्या बँडने ते वाजवले आणि छापील प्रतींचा खप पुढे ५० लाखांवर गेल्याचे सांगतात. म्हणून इथे ‘गाण्यांच्या छापील प्रतींचा प्रकाशक’ असे लांबलचक लिहिलेले बरे.

जाता जाता, या नावातला ‘बॉल’ चेंडू नव्हे, नृत्यसमारंभ आहे. त्या समारंभात प्रेयसीचे चुंबन घेणाऱ्या परक्याला पाहून नायक तिला कायमची सोडतो, आणि तो तिचा भाऊ होता हे फार उशिरा कळते. ‘चेंडूनंतर’ असे भाषांतर झाले तर बिचारा दुसऱ्यांदा फसेल!

शिवाय तुमच्या मजकुरात ‘टिन पॅन अ‍ॅली’ येणारच. न्यूयॉर्कच्या २८ व्या रस्त्यावर तेव्हा असलेली ही गाण्यांच्या प्रकाशकांची वस्ती. दुकानादुकानांतून एकाच वेळी बडवल्या जाणाऱ्या पियानोंचा आवाज पत्र्याची भांडी ठोकल्यासारखा येई, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. नाव भाषांतरू नका, पण अर्थ सांगायला पुण्याची तांबट आळी हाताशी आहे. ‘अ‍ॅली’ आणि ‘आळी’ मात्र नातेवाईक नव्हेत. आपली आळी संस्कृत ‘आलि’ म्हणजे रांग, तिच्यावरून. त्यांची फ्रेंचमधल्या ‘जाणे’ या क्रियापदावरून.