नागद्वार चढणाऱ्यांनी गोसाईकुंडाला कसे जावे?

प्रश्न : आम्ही गावातील सात-आठ जण दरवर्षी पचमढीच्या महादेवाला जातो आणि नागद्वारची यात्राही अनेकदा केली आहे. यंदा डवरणी-निंदण आटोपल्यावर राखी पौर्णिमेला नेपाळमधील गोसाईकुंडाच्या स्नानाला जाण्याचा विचार आहे. माझे वय ५८ असून चालण्याची सवय आहे. मात्र तिथे धडधाकट माणसेही वाटेत आजारी पडतात, असे ऐकले. हे कशामुळे होते?
(एक शेतकरी वाचक, जि. अमरावती)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि आपली चालण्याची सवयच तिथे दगा देऊ शकते, हे आधी सांगितले पाहिजे. गोसाईकुंड रसुवा जिल्ह्यात, लांगटांग राष्ट्रीय उद्यानात, ४,३८० मीटर उंचीवर आहे. आपण खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या ज्या चौरागडावर चढता, तो सुमारे तेराशे मीटरचा आणि आपला चिखलदरा त्याहूनही ठेंगणा. कुंडाच्या काठी हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. मी गेलो होतो तेव्हा घरून नेलेले चिवड्याचे बंद पाकीट कुंडाअलीकडच्या लौरीबिना मुक्कामी पिशवीतून काढले, तर ते पुरीसारखे टम्म फुगले होते. बाहेरची हवा किती विरळ झाली आहे, हे मला त्या पाकिटाने जितके समजावले तितके कोणत्याही फलकाने समजावले नाही.

शरीर विरळ हवेला सरावते, परंतु त्याला काही दिवस द्यावे लागतात आणि पायांतील बळाशी त्याचा संबंध नसतो. काठमांडूहून गाडीने सुमारे २,००० मीटरवरील धुंचे गाठल्यावर दमदार माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडावर पोहोचू शकतो, आणि पुष्कळदा तोच रात्री डोके धरून बसतो. नेपाळीत याला ‘लेक लागणे’ म्हणतात. तिथे लेक म्हणजे उंच डोंगर, आपली लेक नव्हे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून धुंचेला एक मुक्काम, वाटेत एक, सुमारे ३,३०० मीटरवरील चंदनबारीला दोन (कारण पुढचा टप्पा पाचशेहून थोडा मोठा आहे) आणि सुमारे ३,९०० मीटरवरील लौरीबिनाला एक, असे करावे. तिथून पहाटे निघून स्नान-दर्शन उरकावे आणि झोपायला पुन्हा लौरीबिनालाच उतरावे.

डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही पहिली लक्षणे दिसली, तर तिथेच थांबावे. ती गेल्याशिवाय वर चढू नये. परंतु चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्याजागी धाप लागू लागली, तर उजाडण्याची वाट न पाहता त्या माणसाला सोबत देऊन खाली उतरवावे, कारण मेंदूला सूज आल्याची किंवा फुप्फुसात पाणी झाल्याची ती चिन्हे असू शकतात. अशा वेळी ‘देव परीक्षा पाहतो आहे’ म्हणून त्याला वर ओढत नेणारे सोबती मी पाहिले आहेत, आणि ती भक्ती मला मान्य नाही. असिटाझोलामाइड नावाची गोळी सराव होण्यास मदत करते. मात्र सल्फा औषधांचे वावडे किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये, आणि इतरांनीही निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. चढाच्या दिवसांत निर्जळी उपवास मुळीच करू नये.

हलाहल प्राशन केल्यावर कंठाचा दाह शमवण्यासाठी शंकराने डोंगरात त्रिशूळ मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे. त्रिशूली नदीचे नावही त्याच त्रिशुळाचे. कुंड वर्षातील बरेच महिने गोठलेले असते, तेव्हा श्रावणातील पाणी किती गार असेल याचा अंदाज करावा. एक बुडी मारून लगेच अंग कोरडे करावे. खालच्या रानात पावसाळ्यात जळवा असतात आणि धुंचेच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. ओळखपत्र म्हणून पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र न्यावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७० असून तिला दमा आहे. तिलाही गोसाईकुंडाचे स्नान घडावे, अशी तिची फार इच्छा आहे. तिला घोड्यावरून नेता येईल का?
(एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : घोडा पायांचे श्रम वाचवतो, हवा दाट करत नाही; उलट माणसाला अधिक वेगाने वर नेतो. आईंना आपण काठमांडूजवळच्या पाटण येथील कुंभेश्वराला न्यावे. पाच छपरांच्या त्या मंदिरातील तळ्यात गोसाईकुंडाचेच पाणी येते, अशी श्रद्धा आहे, आणि त्याच पौर्णिमेला तळ्याच्या मध्यभागी शिवलिंग ठेवून पूजा होते. त्या दिवशी तिथे पुरोहित मनगटाला दोरा बांधतात. तो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सोडून गाईच्या शेपटीला बांधायचा असतो, म्हणून आईंनी तो दिवाळीपर्यंत हातात राहू द्यावा.